पाणी थांबायची जागा

कोकणात भरतीची वेळ काढायला पंचांग पुरतं. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाचे सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पंचमी असेल तर पावणेचार. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब एकच. छापील तक्त्याशी ताडून पाहिलं तर फरक बहुधा तासाभराच्या आत राहतो. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज पन्नास मिनिटांनी, म्हणजे साधारण पाऊण तासाने, पुढे सरकते. पाऊणपटीचं मूळ तिथे आहे.

या साध्या हिशेबातून मुंबईपुरती एक गोष्ट कळते. उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराची मोठी भरती इथे नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. भांगाच्या दिवसांतली, म्हणजे अष्टमीच्या आसपासची, येते सकाळ-संध्याकाळ.

२६ जुलै २००५ ला वद्य पंचमी होती. पाऊणपट पावणेचार. त्या दुपारी त्याच सुमारास समुद्र जवळजवळ साडेचार मीटरच्या भरतीवर होता, आणि सांताक्रूझला पाऊस असा कोसळत होता की चोवीस तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नाही. ९४४ हा आकडा मुंबईत लहान पोरालाही पाठ आहे. पावणेचारबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मला मात्र वाटतं, या शहरातल्या नद्यांचं निम्मं दुखणं त्या पावणेचारात आहे.

पालिका पावसाळ्याआधी उधाणाच्या दिवसांची यादी जाहीर करते. साडेचार मीटरच्या वर भरती असेल तो दिवस जोखमीचा. हे मीटर मोजतात ते नौकानयनाच्या नकाशावरच्या शून्यापासून, म्हणजे जवळपास सगळ्यात खोल ओहोटीच्या पातळीपासून. मुंबईत समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. तेव्हा ४.८ मीटरची भरती म्हणजे सरासरीपेक्षा २.३ मीटर उंच पाणी. रस्त्याची किंवा जोत्याची उंची बहुतेक वेळा सरासरी समुद्रपातळीपासून सांगतात. दोन आकडे शेजारी ठेवताना हे अडीच मीटर वजा करायचे राहून गेले की सगळा अंदाज फसतो.

पाणी उतरतं तेही एकसारखं उतरत नाही. भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा तास धरा आणि एकूण फरकाचे बारा भाग करा. पहिल्या तासात एक भाग उतरतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात पुन्हा दोन आणि शेवटच्या तासात एक. चढतानाही हाच क्रम. आता ४.८ वरून ०.६ वर जाणारी उधाणाची भरती घेऊ. फरक ४.२ मीटर. पहिल्या दोन तासांत त्याचा चौथा हिस्सा उतरतो, म्हणजे जेमतेम १.०५ मीटर. याचा अर्थ भरतीआधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास असे सलग चार तास समुद्र पावणेचार मीटरच्या खाली येतच नाही. ज्या नाल्याचं तोंड त्याच्या खाली आहे, तो नाला ते चार तास बंद. मुंबईत पावसाचं पाणी समुद्रात किंवा खाडीत सोडणारी १८६ मुखं मोजलेली आहेत, आणि त्यांतली मोठ्या भरतीच्याही वर राहणारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

म्हणून मुंबईतली नदी समजून घ्यायची तर आधी हे धरून चालावं लागतं की तिच्या तोंडाला दार आहे, ते दिवसातून दोनदा लोटलं जातं, आणि दार बंद असेल त्या वेळात आलेल्या पाण्याला कुठेतरी थांबावं लागतं. नदीने ती जागा हजारो वर्षांत स्वतःच करून ठेवलेली असते. भूगोलाच्या पुस्तकात तिला पूरमैदान म्हणतात. आपल्याकडे खाडीच्या बाजूला ती खाजण, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारी चिखलजमीन, असते; वर गेलं की भाताची खाचरं.

महाराष्ट्रातल्या दोन नद्या शेजारी ठेवून पाहिल्या की हे जास्त स्पष्ट होतं. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. पण ती पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत दख्खनची काळी माती, उपनद्यांचा गाळ सगळं घेत जाते. आंध्रातल्या धवळेश्वरमच्या खाली जमीन इतकी सपाट होते की गाळ वाहून नेण्याचं बळच तिच्यात उरत नाही. पात्र भरतं, ती बाजूला वाट काढते, ती भरली की दुसरी. गौतमी, वसिष्ठा अशा फाट्यांनी तिने समुद्रात जमीन रचली. त्रिभुज प्रदेश तयार व्हायला तीन गोष्टी जमून याव्या लागतात: भरपूर गाळ, किनाऱ्याशी उथळ समुद्र, आणि आणलेला गाळ उचलून नेणार नाही इतपत सौम्य भरती-ओहोटी.

आपल्या पश्चिमवाहिन्यांना हे भाग्य नाही. उल्हास नदीची लांबी १२२ किलोमीटर. राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरातून ती धडधडत खाली येते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला पोचते तोवर समुद्राचं पाणी तिला भेटायला वर आलेलं असतं. उधाणात चार मीटर चढणारा-उतरणारा समुद्र तिचा गाळ एका जागी बसू देत नाही. दिवसातून दोनदा आत ढकलतो, दोनदा बाहेर ओढतो. जमीन समुद्रात पुढे सरकण्याऐवजी समुद्र दरीत आत शिरलेला राहतो, आणि तीच आपली खाडी. ठाण्यापाशी उल्हासचे दोन फाटे दिसतात, एक वसईच्या खाडीकडे आणि दुसरा अरुंद, गाळाने दाटलेला, ठाण्याच्या खाडीकडे. नकाशावर ते त्रिभुज प्रदेशासारखं भासतं. प्रत्यक्षात त्या फाट्यांमधलं साष्टी बेट, ज्यावर मुंबईची उपनगरं आहेत, ते नदीच्या गाळाचं नाही, बेसॉल्ट खडकाचं आहे. पाणी फक्त त्याच्या दोन्ही अंगांनी वाट काढतं.

तरी गाळ बसतोच, आणि बसतो तो कडेला. पाणी जिथे संथ, उथळ आणि झाडांच्या मुळांमध्ये अडकलेलं असतं तिथे. खाजण म्हणजे आमचा आडवा पसरलेला, समुद्रात न गेलेला त्रिभुज प्रदेश, असं म्हटलं तर फार चूक होणार नाही. मुंबईच्या नावांमध्ये तो अजून सापडतो. खार, खारदांडा, उमरखाडी. पायधुनीला बेटावर येताना पाय धुवावे लागत, कारण मधून भरतीचं पाणी जात असे. गावाचं नाव खार असेल तर तिथल्या तळमजल्याच्या जोत्याची उंची विचारून घ्यावी, इतकं तरी त्या नावाने आपल्याला शिकवायला हरकत नव्हती.

आता मुंबईतली मिठी नदी. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांपासून माहीमच्या खाडीपर्यंत जेमतेम १८ किलोमीटर. विहार तलाव १८६० मध्ये मिठीवरच बांध घालून झाला, पवई १८९१ मध्ये. वरचा भाग डोंगरउताराचा, खालचा जवळजवळ सपाट. वाटेत नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते आणि त्यासाठी तिला काटकोनात वळवलेलं आहे. पुराचं पाणी काटकोनात वळत नाही. ते वळणाच्या बाहेरच्या काठावर चढतं, तिथे पातळी उंचावते, वेग मोडतो आणि आत गाळ पडतो. खाली माहीमचा कॉजवे १८४५ चा, त्याच्या अलीकडे रेल्वेचे पूल. प्रत्येक पुलाचे खांब पात्राची रुंदी थोडी थोडी खातात, आणि वर पाणी तुंबतं.

हिशेब मांडून पाहू. मिठीचं पाणलोट क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर. त्यावर चार तासांत, म्हणजे दार बंद असेल तेवढ्या वेळात, १०० मिलिमीटर पाऊस पडला. मुंबईच्या जुलैत ही काही जगावेगळी गोष्ट नाही. ७३ लाख घनमीटर पाणी झालं. छपरं, डांबर, काँक्रीट आणि आधीच भिजलेली माती धरता त्यातलं ८० टक्के तरी वाहत येणार: ५८ लाख घनमीटर. एका हेक्टरवर मीटरभर पाणी उभं केलं तर दहा हजार घनमीटर मावतं. म्हणजे हे सगळं पाणी थोपवून धरायला मीटरभर खोलीची ५८० हेक्टर जागा हवी. भरती असतानाही नदीतून काही पाणी बाहेर जातंच आणि तलाव रिकामे असतील तर वरचं पाणी तेही धरतात, तेव्हा आकडा याहून थोडा खाली येईल. पण पाण्याचं माप कळायला तो पुरेसा आहे. वांद्रे-कुर्ला संकुलाचं क्षेत्र ३७० हेक्टर आहे, आणि त्यातली बरीचशी जमीन १९७७ नंतर खाजणावर भराव टाकून झालेली आहे.

कुणावर खापर फोडण्यासाठी हे लिहीत नाही. भराव टाकताना त्या जमिनीचा भाव काढला गेला. तिच्यावर दरवर्षी फुकट उभं राहणाऱ्या पाण्याचा भाव कोणी काढला नाही, आणि ते पाणी पुढे कुर्ला-कलिन्यात माणसांच्या घरात जाऊन उभं राहिलं.

२००५ च्या पुरानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने २००६ मध्ये अहवाल दिला. त्याआधी १९९३ चा पर्जन्यजलवाहिन्यांचा आराखडा होताच. जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाची होती, आणि तीही ओहोटी असेल तर. ती क्षमता ५० पर्यंत न्यायची आणि आठ उदंचन केंद्रं, म्हणजे पंपांची ठाणी, बांधायची असं ठरलं. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबांध ही सहा झाली. भरतीच्या वेळी झडप बंद करून पाणी उपसून पलीकडे टाकायचं, एवढंच त्यांचं काम, आणि जिथे ती आहेत तिथे फरक पडलाय हे मान्य करायला हवं. पण पंप असतो नाल्याच्या तोंडाशी. पंपापर्यंत पाणी येईतो जो वेळ जातो त्या वेळात ते कुठे राहणार, हा प्रश्न पंपाने सुटत नाही. दादरच्या सखल हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी दादर-परळच्या मैदानांखाली टाक्या बांधून त्यात वळवायला लागलं, ते याचमुळे. भरती उतरली की टाकी रिकामी करायची. मला तो उपाय मनापासून पटतो. मात्र जमिनीखाली काँक्रीटची टाकी खणून आपण जे मिळवतो, ते खाजण जमिनीवर, विनाखर्च करत होतं.

मिठीचं पात्र खोल करण्याबद्दल मात्र मला शंका आहे, आणि ती सविस्तर सांगायला हवी. वरच्या, उताराच्या भागात गाळ, राडारोडा, प्लास्टिक काढलंच पाहिजे; तिथे काढलेला प्रत्येक डंपर उपयोगी. भरती जिथवर पोचते त्या खालच्या पट्ट्यात गोष्ट वेगळी आहे. तिथे पात्र समुद्रपातळीच्या खाली खोदलं की ती जास्तीची खोली समुद्राच्या पाण्याने भरते. पूर वाहतो तो त्या पाण्याच्या वरून, त्यामुळे भरतीच्या वेळी पूर वाहून नेण्याची ताकद खोदलेल्या फुटांच्या मानाने फारच कमी वाढते. उलट भरती आणखी आत शिरते, आणि प्रत्येक भरतीबरोबर खाडीतला बारीक गाळ आत येतो. अशा उथळ खाडीत ओहोटीचा वेग बहुधा भरतीहून मंद असतो, म्हणून आत आलेला सगळा गाळ परत जात नाही. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेवढाच काढायचा. रुंदी वाढवली तर तसं होत नाही. रुंदी वरच्या पातळीवर, पूर जिथून वाहतो नेमकी तिथे, जागा देते. पण रुंदीला जमीन लागते, खोलीला फक्त पोकलेन.

काठाला उभ्या काँक्रीट भिंती घालण्याचंही तसंच. भिंतीने अतिक्रमण थांबतं, हा तिचा खरा फायदा. पण भिंतीमागच्या वस्तीचं पाणी नदीत यायला भिंतीत मोऱ्या ठेवाव्या लागतात. नदी चढली की त्याच मोऱ्यांतून पाणी उलटं वस्तीत शिरतं. मोरीला बाहेरून झडप हवी, आणि झडप दर पावसाळ्याआधी उघडून, घासून, ग्रीस लावून बघायला हवी. झडपेत एक नारळाची करवंटी अडकली तरी ती पुरती मिटत नाही.

ही झडप काही नवी नाही. रायगड-ठाण्याच्या खारलँडात, म्हणजे बांध घालून शेतीखाली आणलेल्या खाऱ्या जमिनीत, तिला उघाडी म्हणतात, आणि ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. खाडीच्या बाजूला बाहेरकाठा, म्हणजे चिखलमातीचा बांध, समुद्राच्या अंगाला दगडांनी मढवलेला. त्यात ठरावीक जागी दगडी बांधणीतली मोरी, आणि बाहेरच्या तोंडावर वरून बिजागरीने लोंबती फळी. ओहोटीला आतलं पाणी फळी ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणी तीच फळी दाबून दार लावतं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. बिघाड ठरलेले असतात: बिजागरी गंजते, ओंडका अडकतो, बाहेर गाळ साचून फळी उघडेनाशी होते. बांधाला सगळ्यात मोठं भय चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, बिळाचं. बीळ आरपार गेलं की उधाणात त्यातून धार लागते, तासाभरात भगदाड होतं, आणि बांधाला खांड जाते. खांड भांगाच्या दिवसांतच बुजवावी लागते. पुढच्या उधाणापर्यंत राहिली तर दुप्पट होते. अलिबागकडे यासाठी गावाने मिळून अंगमेहनत देण्याची जोळ पद्धत होती. आत पहिल्या जोरदार पावसांनी मातीच्या वरच्या थरातलं मीठ धुऊन निघालं की भात लावायचा. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, २, ३ हे खारं सोसणारे वाण दिले ते याच जमिनींसाठी.

बांधाचा एक दोष मात्र वर्षानुवर्षं दिसत नाही. बाहेरचा गाळ आत येणं थांबलं की आतली जमीन वाढत नाही, सुकून दबत जाते. बाहेर मात्र गाळ बसतच राहतो. काही दशकांनी शेत खाडीच्या तळापेक्षा खाली येतं आणि उघाडीतून पाणी बाहेर पडेनासं होतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या त्रिभुज प्रदेशात हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. १९६० च्या दशकापासून बांगलादेशात किनाऱ्यालगत मोठमोठे बांध घातले गेले, आणि नैर्ऋत्येला शेतं बारमाही पाण्याखाली राहू लागली. १९९७ मध्ये जेस्सोर भागातल्या लोकांनी हरी नदीचा बांध भायना नावाच्या पाणथळीपाशी स्वतःच कापला. काही वर्षं भरती आत घेतली. कापलेल्या तोंडाजवळची जमीन मीटरभराने वर आली, आणि भरती-ओहोटीच्या ये-जा करण्याने नदीचं पात्रही खोल झालं. पुढे तिथल्या सरकारी यंत्रणेने हीच रीत उचलली: एका वेळी एक पाणथळ उघडायची, शेतकऱ्याला त्या वर्षांची भरपाई द्यायची, जमीन वाढली की बंद करून पुढची. भरपाई वेळेवर मिळाली नाही की लोक दुसरी पाणथळ उघडू देत नाहीत, हेही तिथे दिसलं.

गाळ धरून ठेवण्याचं काम झाडांमध्ये कोणी करत असेल तर ती खारफुटी. मुंबईत सगळीकडे दिसते ती तिवर. कांदळ, काकरा, चिप्पी कमी, कारण गोडं पाणी कमी झालंय आणि घाण वाढलीय. तिवर दोन्ही सोसते, पानांतून जास्तीचं मीठ बाहेर टाकते. पांढरी चिप्पी हा २०२० पासून राज्याचा कांदळवन वृक्ष आहे. तिवरीच्या बुंध्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळं उभी दिसतात, ती तिची नाकं. त्या काळ्या चिखलात वरच्या पातळ थराखाली प्राणवायू नसतो, म्हणून ओहोटीला ही मुळं हवा घेतात. तिवरीचं जंगल कुऱ्हाड न लावता मारायचं असेल तर आत येणाऱ्या खाडीच्या फाट्यावर मातीचा बांध घालतात. पाणी आत अडून मुळं बुडालेली राहतात, किंवा भरती थांबून उन्हाळ्यात माती मिठाने करपते. दोन्हींत झाड वाळतं आणि मग डेब्रिजचे डंपर येतात. म्हणून कांदळवनाची, म्हणजे खारफुटीच्या जंगलाची, राखण करताना झाडांआधी पाण्याची वाट तपासावी. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तोडीवर बंदी आणली, २०१२ मध्ये कांदळवन कक्ष झाला, भोवती ५० मीटरची पट्टी राखीव आहे. कायदा झाडापाशी पोचला, फाट्यापाशी अजून नीटसा पोचायचा आहे.

लागवडीबद्दलही लोकांना वाटतं की चिखल दिसला की रोप खोचावं. दीड मीटर अंतराने लावली तर हेक्टरी ४,४४४ रोपं बसतात, फोटो छान येतो, आणि वर्षाने काही उरत नाही. कांदळाच्या लांब शेंगा झाडावरच अंकुरतात. शेंगेचा खालचा तिसरा हिस्सा चिखलात जाईल अशी सरळ लावायची, टोक ओळखून. तिवरीचं बी पावसाळ्यात गोळा करून पिशवीत वाढवायचं, तेही भरतीचं पाणी पोचेल अशा जागी, म्हणजे रोप मिठाला सरावतं. जागा निवडायची ती सरासरी समुद्रपातळीच्या वर. त्याखाली लावलेलं रोप दिवसातला फार वेळ बुडून राहतं, त्यावर बार्नकल (घट्ट चिकटणारे छोटे कवचधारी जीव) आणि शेवाळ चढतं, तरंगतं प्लास्टिक त्याला गुंडाळतं आणि ते मोडतं. शिवाय तो उघडा चिखल रिकामा नसतोच. शिवडी-ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी त्याच चिखलातलं शेवाळ गाळून खातात. ठाणे खाडीचं १,६९० हेक्टरचं अभयारण्य २०१५ मध्ये झालं ते याच चिखलासाठी. जिथे जुनं जंगल वाळलंय तिथे गोदावरी-कृष्णेच्या मुखांवर वापरलेली रीत चांगली: माशाच्या काट्यासारखे चर. मधून एक मोठा चर खाडीला जोडायचा, त्याला दोन्ही बाजूंनी तिरपे छोटे चर, आणि रोपं चरांच्या उतारावर. पाणी फिरायला लागलं की पुष्कळदा बी स्वतःहून येऊन रुजतं.

वर, बदलापूर-कर्जतच्या पट्ट्यात, पूरमैदान म्हणजे खाचरं. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की नदी काठ ओलांडते आणि अंड्यांनी भरलेले मासे प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्यात चढतात. हीच वलगण. खाचरातलं पाणी ऊबदार, किड्यांनी भरलेलं आणि मोठ्या माशांपासून सुरक्षित. पिल्लं तिथे वाढतात आणि पाणी ओसरताना नदीत उतरतात. नदी आणि खाचर यांच्यामध्ये भिंत आली की वलगण बंद. त्या दिवसांत टोपल्या भरभरून मासे धरले तरीही पुढच्या वर्षी कमीच चढतात. खाडीतल्या जिताडा माशाचं उलटं आहे. तो गोड्या-निमखाऱ्या पाण्यात नर म्हणून वाढतो, अंड्यांसाठी खाडीच्या तोंडाशी उतरतो, आणि वय झालं की मादी होतो. त्यामुळे मोठे जिताडे तेवढे धरत गेलो की माद्याच संपतात.

पूरमैदानाची एक खोड घर घेणाऱ्याने ओळखून ठेवावी. नदी काठाबाहेर पडताना जाडी रेती आधी टाकते, म्हणून अगदी काठाची जमीन उंच होते, तिला पूरतट म्हणतात. त्यामागची जमीन खोलगट. वसाहत नदीपासून लांब दिसते, पण पाणी तिथेच शेवटपर्यंत राहतं. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकून पडली, ती उल्हासच्या अशाच रुंद पट्ट्यात. जलसंपदा खातं नदीच्या दोन रेषा आखतं. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकाम निषिद्ध. लाल रेषा १०० वर्षांच्या पुराची. दोन्हींच्या मधला पट्टा नियंत्रित. '२५ वर्षांतून एकदा' ऐकून माणूस निर्धास्त होतो. याचा अर्थ दरवर्षी ४ टक्के शक्यता. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता ७० टक्के निघते. लाल रेषेचा पूर त्याच मुदतीत येण्याची २६ टक्के. आणि या रेषा जुन्या पावसाच्या नोंदींवर आखलेल्या असतात. वर डोंगराला नव्या वसाहती झाल्या, शेतं सिमेंटने झाकली गेली की तेवढ्याच पावसात पाणी जास्त आणि लवकर येतं. रेषा दर काही वर्षांनी पुन्हा आखायला हवी.

मुंबईत उघडी, सखल, पाणी धरणारी अशी मोठी जमीन आता मिठागरांचीच उरली आहे. वडाळा, कांजूर, भांडुप, नाहूर, मुलुंड. सगळी मिळून पाच हजार एकरांच्या वर. ती मिठीच्या पाणलोटात नाहीत, पण डोंगरावरून पूर्वेला भांडुप-कांजूरकडे धावणारं पाणी ठाण्याच्या खाडीला मिळण्याआधी तिथूनच जातं. 'पडीक' म्हणून त्यांच्यावर घरं उभारायचे बेत वरचेवर पुढे येतात. मिठागर पडीक कधीच नसतं. उन्हाळ्यात त्यात मीठ पिकतं. पहिल्या पावसाने वाफे विरघळले की मीठ संपतं, आणि ऑक्टोबरपर्यंत त्या बांधांच्या आत पाणी राहतं. एका हेक्टरवर फूटभर धरलं तरी तीस लाख लिटर. उघाडी लावलेली असते. बाहेर उधाण असेल तोवर पाणी आत उभं, बगळे आणि तुतवार त्याच्या कडेने फिरत. ओहोटी लागली की फळी हलते आणि पाणी निघायला लागतं.